आत्याच्या शिंकेचा जोर

माझं काम काय, हे आमच्या बोथ गावात सांगून सांगून मी थकले. कंपनी हैदराबादची, पण मी घरातच कांद्याच्या पोत्यांशेजारी टेबल टाकून बसायची. ऑनलाइन गेम. दोन टोळ्या एकमेकींशी लढतात. काही पात्रांकडे दुसऱ्याला जागच्या जागी अडकवायची विद्या असते. कुणाला गोठव, कुणाला झोपव, कुणाचे पाय जमिनीला चिकटव. आमच्या धंद्यात याला क्राउड कंट्रोल म्हणतात. ही विद्या किती जोराची असावी, ते ठरवायचं माझ्याकडे होतं. बाबांचं भाजीचं दुकान. त्यांनी त्यातला तेवढाच शब्द उचलला आणि गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, "पोरगी क्राउड कंट्रोलमंदी हाय." झालं! गणपतीच्या मिरवणुकीला बंदोबस्ताची माणसं देता का, म्हणून मंडळवाले विचारायला घरी आले. मी नाही म्हटलं, तरी चहा पिऊनच गेले.

मी गेममध्ये एक चेटकीण बनवली होती. माझी फार लाडकी. ती फुंकर मारायची की समोरचा गोठायचा. सुटला रे सुटला की परत फुंकर, परत गोठला. खेळणारा बिचारा बटणं बडवत बसायचा आणि त्याचं पात्र बर्फात उभ्या उभ्या मरायचं. लोकांनी तेलुगू, हिंदी, मराठी, सगळ्या भाषांत माझा उद्धार केला. गोठायचा वेळ कमी केला तर चेटकिणीला कुणी घेईना, वाढवला की परत शिव्या. आमचे साहेब म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर ही चेटकीण काढून टाकू." वर म्हणाले, "तुमचंही बघावं लागेल." नोकरीवर पाणी सोडायची वेळ आली होती आणि मला काही सुचत नव्हतं.

खरी चेटकीण तर घरातच होती. हे मी प्रेमानं म्हणते. आई लहानपणीच गेली, मला वाढवलं ते आत्यानं, बाबांच्या थोरल्या बहिणीनं. आत्या शिंकेच्या बाबतीत भारी कडक. कुणी घराबाहेर पडताना शिंक आली की त्यानं मागं फिरायचं, बसायचं, पेलाभर पाणी प्यायचं, मगच निघायचं. लागोपाठ दोन शिंका आल्या तर मात्र रस्ता मोकळा. आता गंमत बघा, घरात शिंकणारी ती एकटीच, आणि तिच्या नाकाला दुसरी शिंक ठाऊकच नाही. एकच यायची, पण अशी की छपरावरची माकडं शेजारच्या घरावर उडी मारायची. त्यात कापसाचा सीजन. गाड्यांतून उडालेली रुई घराघरात शिरलेली.

त्या दिवशी बाबांना बाजारात वांगी पोचवायची होती. उंबऱ्यापाशी गेले, आत्या शिंकली. बसले, पाणी प्यायले, उठले. आत्या शिंकली. परत बसले, परत पाणी. तिसऱ्यांदा पाय बाहेर टाकला आणि आतून तोफ उडाली. मग बाबांनी झाडूची काडी काढून नाकात घातली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि स्वतः एक शिंक मारली.

"दोन झाल्या अक्का! आता जातो."

"तशी जोडी होत नाई," आत्या म्हणाली. "एकाच नाकाच्या पायजे. दोन घरच्या बैलायची जोडी असते काय?"

"काऊन नसते? सावडीत असते!" बाबा म्हणाले. आणि ते खरंच होतं. ज्यांच्याकडे एकेकच बैल, असे दोघं सावड करतात आणि एका औताला दोन घरचे बैल जुंपतात.

"सावडीत चालते. शिंकीत चालत नाई. बस."

आता बाबांचं डोकं सणकलं. "अवो, एका माणसाले किती खेपा बसवतं? पोटात पानी डुबुक डुबुक करून राह्यलं! एकदा बसलो ना? मंग झालं ना? आता दुपारपरेंत मले शिंक लागत नाई!"

आत्या कधी कुणाचं ऐकायची नाही, पण वांगी सुकत होती. दोघांनी दारातच घासाघीस केली. पहिल्या शिंकेला पूर्ण पेला. दुसरीला अर्धा, तोही उभ्यानं. तिसरी लागूच नाही. ठरल्याबरोबर बाबा पळाले.

मी तशीच टेबलाकडे धावले. तोच कायदा चेटकिणीला लावला. पहिल्यांदा पूर्ण गोठणार, दुसऱ्यांदा अर्धाच वेळ, तिसरी फुंकर फुकट. थोड्या वेळानं हिशोब परत पहिल्यापासून. खेळून पाहिलं, खेळणाऱ्यांना दिलं. शिव्या आटल्या. एकानं तर लिहिलं, "गोठलो, पण काही हरकत नाही." देवा! मला नाचावंसं वाटलं. तक्रारी अगदी नव्हत्याच असं नाही. एकानं लिहिलं, "माझ्या चेटकिणीचा जोर काढून घेतला." त्याच संध्याकाळी आत्या चुलीपाशी बाबांना म्हणाली, "माया शिंकीचा जोरच काढून घेतला तुमी."

साहेब खूश झाले. नोकरी वाचली, नुसती वाचली नाही, पक्की झाली. फक्त आता कामाला हैदराबादला जायचं होतं. कायमचं. जिच्यासाठी मी जिवाचं रान केलं, ती नोकरी मला घरातूनच उचलून नेत होती. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं." आणि ज्वारी पाखडत बसली. मला तिचा असा राग आला म्हणून सांगू!

निघायच्या सकाळी दारात ऑटो उभा होता, पुढे हायवेवरून बस. रुई तर अशी उडत होती की माझंच नाक हुळहुळत होतं. आत्या चौकटीला टेकून उभी, पदर नाकावर दाबलेला, डोळे लालबुंद, चेहरा फुगलेला. शिंक दाबत होती. जन्मभर ज्या बाईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सोडलं नाही, तिला आजच सुबुद्धी सुचली होती. मी चप्पल घातली, काढली, परत घातली. म्हटलं, शिंक ना गं. एकदा शिंक. मी पूर्ण पेला पाणी पिईन, दोन पिईन. पण नाही. ती पदर सोडेना आणि माझे पाय उंबऱ्याला चिकटलेले.

शेवटी मीच शिंकले. साफ खोटी शिंक, शेंबड्या पोरालाही पटणार नाही अशी.

बाबांनी गपचूप माझी बॅग खाली ठेवली आणि पाण्याचा पेला आणायला आत वळले. मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच पायरीवर बसले.

तेवढ्यात आत्यानं नाकावरचा पदर काढला. माझ्याकडे बघितलं आणि शिंकली. तीही खोटीच. तिची खरी शिंक मी ओळखत नाही का! एकही माकड हललं नाही.

"दोन झाल्या," ती म्हणाली. "जाय आता."

"एकाच नाकाच्या पायजे ना?" मी पायरीवरूनच विचारलं.

"सावडीच्या झाल्या," आत्या म्हणाली. "ऊठ माय, तुई बस चुकंल."