लंगोट कशाने ओला होता

यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ निघतील, त्या पोटात घालाव्यात. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि पुढे मी जे काही लिहिलं ते किराण्याच्या चिठ्ठीवर. दुकानदाराने माझी चूक कधी काढली नाही, वजनात स्वतःची मात्र नेमाने केली. अक्षरही तिरपं जातं. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून ठेवते. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, त्यामुळे मला दोषी धरायची लोकांना सवय आहे आणि मला माफी मागायची.

माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालं. आमच्याकडे याला चांगलं समजतात. मुलगी अनोळखी घरात पडत नाही, देण्याघेण्याची बोलणी एका चहात उरकतात, आणि सासूला आत्याबाई म्हणायचं तर ती खरोखरच आत्या असते. सगळं घरातल्या घरात. आणखी काय काय घरातल्या घरात राहिलं होतं, ते कळायला दोन लेकरं लागली.

पहिला मुलगा माझ्या माहेरी, रोहण्याला झाला आणि सव्वीस दिवसांनी गेला. दिवसभर लंगोट ओला, मग ताप, मग डोळे खोल गेले आणि टाळू बसली. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. निकाल मात्र उशिरा लागला नाही. तेराव्याच्या आत ठरलं की रोहण्याचं पाणी जड आहे आणि माझं दूध उष्ण आहे. पाण्याला कोणी काही बोललं नाही.

म्हणून दुसरं बाळंतपण सासरी, नाचणगावला केलं. मुलगी झाली. तिसऱ्या दिवसापासून तिचाही लंगोट सुकेना. आत्याबाई लंगोट हातात घेऊन शेजारणीला कौतुकाने दाखवायच्या.

"पाह्य, पोरगी कशी मुतून राह्यली. दूध मस्त जिरून राह्यलं."

"पोटभर पेते ना वो," शेजारीण म्हणायची.

दोघींनाही मोठा अनुभव होता. लंगोट धुवायचा अनुभव तेवढा माझा होता. लघवीचा लंगोट वेगळा असतो. हा हाताला बुळबुळीत लागायचा, त्याला आंबूस वास यायचा, आणि पोरीचं बूड भाजल्यासारखं लाल झालं होतं. ती शी होती. पाण्यासारखी होती, एवढंच. मला हे पहिल्या मुलाच्या वेळीही समजलं होतं. तेव्हा मी बोलले नाही आणि आताही बोलत नव्हते, कारण घरात जाणकारांची गर्दी होती आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

पोरगी सुकत चालली तसे उपाय सुरू झाले. एकीने मध चाटवला. एकीने घुटी उगाळली. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, साखरपाणी पाजलं, त्यांना तेवढंच करता येतं. गावच्या आरोग्यसेविका आशाताई आल्या, त्यांनी जुलाबावरची साखर-मिठाची पुडी दिली. ती पुडी गावातल्या कितीतरी लेकरांना तारून गेली आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण आमची पोरगी जगावेगळी निघाली. जितकं गोड पोटात जाई, त्याहून जास्त खाली वाहून जाई. घरातल्या सगळ्यांनी तिला जीव लावला आणि प्रत्येकाने चमच्याने लावला.

अकराव्या दिवशी आशाताईंनी वजन केलं. जन्मली होती त्यापेक्षा अर्धा किलो कमी. त्यांनी काटा पुन्हा शून्यावर आणून पाहिला, मग म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता वर्ध्याले न्या."

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी विचारलं, "शी किती वेळा होते?"

"शी तं चार दिवसांपासून केलीच नाई," आत्याबाई म्हणाल्या. "मुतते मात्र भरपूर."

डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. "अंगात पाणी नाही आणि लघवी भरपूर, असं कसं? लंगोट कोण धुतं?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"मग तुम्ही सांगा. लघवी असते की शी?"

"तिले काऊन विचारता, बाई? ते बोलत नाई."

मी फरशीकडे पाहत म्हटलं, "शी आहे. पाण्यासारखी. आंबूस वास येतो. पहिल्याचीही अशीच होती."

एवढं बोलणं मला वर्षभर पुरतं. सोबत आलेल्या नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू भिंत बोलली.

नर्सने पोरीला लघवीसाठी छोटी पिशवी चिकटवली. दुपारपर्यंत त्यात जेमतेम चमचाभर जमलं. बाकीचा सगळा ओलावा शीचा होता, आणि ती तपासली तर तिच्यात साखर निघाली. मग तोंडाने सगळं बंद केलं, नुसतं सलाईन. दुसऱ्या दिवशी लंगोट कोरडा. मी त्याला इतक्यांदा हात लावून पाहिला की नर्स म्हणाली, "अवो, झिजंल तो." मग डॉक्टरबाईंनी मुद्दाम समोर बसून थोडं ग्लुकोजचं पाणी पाजलं. संध्याकाळपर्यंत पुन्हा ओला.

त्यांनी मला समजावून सांगितलं, मलाच. दुधातली साखर पोटात फुटून तिच्या दोन साध्या साखरा होतात. आमच्या पोरीच्या आतड्याला त्या दोन्ही आत ओढून घेता येत नाहीत. त्या आतड्यातच राहतात आणि अंगातलं पाणी ओढून बाहेर घेऊन जातात. फळांमधली एक साखर तेवढी तिला चालते. रोग जन्माचा, अगदी विरळा. आई आणि बाप दोघांकडून त्याचा एकेक वाटा आला तरच होतो, आणि दोघं नात्यातले असतील तर तसं होणं सोपं जातं.

"तुम्ही नात्यातले आहात का?"

मी मान डोलावली. इतके दिवस सगळा दोष माझ्या दुधाचा होता. आता अर्धा बापाकडचा निघाला, तर आपला हिस्सा मागायला एकही जण पुढे आला नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर आत्याबाई हळूच म्हणाल्या, "तुह्या नवऱ्याच्या आधी माह्ये दोन असेच सुकून गेले. मीही नात्यातच पडलती. तवा लोक म्हणत, माह्यं दूध पातळ हाय." त्यांनी पदराने तोंड पुसलं. मला टोमणा सुचला होता, तो मी गिळला. त्या दोघांचे लंगोटही कोणीतरी असेच कौतुकाने दाखवले असतील.

माझं दूध बंद केलं. खास पावडर नागपूरहून मागवायची होती, तिला आठ दिवस लागणार होते. तोवर दवाखान्याने कोंबडीचं मांस शिजवून, वाटून, गाळून, त्यात तेल आणि ती फळांची साखर मोजून घालून पाजलं. ज्या घरात जावयाला कोंबडी वर्षातून दोनदा मिळते, तिथे वीस दिवसांची पोरगी रोज कोंबडी पिऊ लागली. मामंजी पाहायला आले, वाटी हुंगली आणि म्हणाले, "आमच्या नशिबी नाई आलं बाप्पा असं." पोरीचं वजन वाढलं. मला हायसं वाटलं आणि कोंबडीच्या त्या वासाने सोबत थोडी चटणी मागावीशीही वाटली.

पावडरीच्या एका डब्याची किंमत ऐकून नवऱ्याने दुकानदाराला विचारलं, सोबत म्हैसही येते का. महिन्याला पाच डबे लागत. त्याची कापसाच्या जिनिंगमधली मजुरी तीन डब्यांत संपे. म्हणून मी बचत गटात कर्ज मागितलं.

"कायसाठी पाह्यजे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"दुधाच्या पावडरीसाठी."

"अन् तुह्यं दूध कुठं गेलं?"

बायका हसल्या. मी पुन्हा फरशीकडे पाहिलं, पण बोलले. माझं दूध फुकट आहे आणि माझ्या पोरीला ते विष आहे, पहिला त्यातच गेला, हिला मी जाऊ देणार नाही. हसणं थांबलं. कर्ज मंजूर झालं, पन्नास हजार. पावडर घेऊन तान्ह्या लेकराला पाजणारी मी गावातली पहिली श्रीमंत बाई ठरले.

पुढची चार वर्षं मी साड्यांना फॉल लावले आणि ब्लाऊजला हूक. पाहुणे घरी येत, पोरीच्या हातावर पेढा ठेवत, मी तो काढून घेई आणि ते निघताना माझ्या कंजुषीवर दोन शब्द बोलून जात. तिसऱ्या वर्षापासून डॉक्टरबाईंनी भाकरीचा तुकडा चालतो का ते पाहायला सांगितलं. तो चालला. मग अर्धी भाकर. मागच्या उन्हाळ्यात डबे बंद झाले.

या महिन्याच्या बैठकीला पोरगी माझ्या मांडीवर बसून उकडलेलं अंडं खात होती. मी शेवटच्या हप्त्याचे पैसे पुढे ठेवले. अध्यक्षबाईंनी ते दोनदा मोजले, मुद्दल आणि व्याज पाहिलं, आणि म्हणाल्या, "तुह्याकडं आता काईच बाकी नाई."

मी म्हटलं, "पावती द्या." त्यांनी पूर्ण फेड लिहून दिली.