दत्ताप्पा मास्तरांचा आफ्रिकन शिपाई

मी शाळेत रुजू झालो त्या सकाळी हेडमास्तर म्हणाले, "शिकवायचं कसं ते आधी दत्ताप्पा मास्तरांच्या वर्गात बसून बघा." मास्तरांची माझी ओळख ती अशी. तेव्हापासून माझ्या पोटात दुखते आहे. मास्तरांच्या षष्ट्यब्दीच्या गौरवग्रंथात असे लिहू नये, असे संपादकांचे म्हणणे पडले; पण खोटे लिहिलेले मास्तरांनाच खपत नाही.

युद्धाच्या दिवसांत आम्ही दोघेही मुलांसाठी दोस्तसैन्याच्या गोष्टी लिहीत होतो. माझ्या गोष्टींत गोरा टॉमी चॉकलेटे वाटी, चिनी शिपाई कमरेत वाकून हसे, आणि हबशी शिपाई डोळे गरगरा फिरवत डझनभर केळी सालीसकट खाई. खासबागेतल्या माझ्या घरापासून लष्कराचा कॅम्प चालत अर्ध्या तासावर, पण मी एकाही शिपायाशी बोललो नव्हतो. मुले खदखदून हसत. माझे नाव झाले, मास्तर मागे पडले, आणि त्याचा मला मनापासून आनंद होता.

मास्तरांचा एक नेम आहे. ज्याच्यावर गोष्ट लिहिली, त्याला वाचून दाखवल्याशिवाय ते छापायला देत नाहीत. एका रविवारी त्यांनी मला वडगावच्या आपल्या विणकरी घरी बोलावले. कॅम्पातला एक आफ्रिकन शिपाई हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. त्याचे वडीलही विणकर. तुटलेला धागा त्याने असा सांधला, की मास्तरांच्या आई म्हणाल्या, "ह्यो तर आपल्यातलाच हाय की रं!"

मास्तरांनी आपली गोष्ट त्याला इंग्रजीत सांगितली. एके ठिकाणी त्याने नकारार्थी मान हलवली. मास्तरांनी ती ओळ तिथेच खोडली. मग मला म्हणाले, "आता तुमची वाचा की, गुरुजी."

"वही घरी राहिली," मी म्हणालो. वही कोटाच्या खिशातून अर्धी बाहेर दिसत होती. मास्तरांनी ती पाहिली आणि पाहुण्याला सांगितले, "हे आमचे मित्र मुलांना फार छान हसवतात." त्या वहीबद्दल आजवर त्यांनी कुणाला सांगितलेले नाही. त्यांचा हा चांगुलपणा मला त्यांच्या लेखणीहून अधिक झोंबतो.

माझी सुमी मास्तरांचीच गोष्ट मागते. "बाबा, तुमच्या गोष्टीतला शिपाई खोटा हाय," म्हणते.

तो शिपाई मायदेशी गेला. त्याला माझी गोष्ट वाचून दाखवणे आता होणे नाही. म्हणून हा लेख तरी मी परवा मास्तरांना समोर बसून वाचून दाखवला. त्यांनी एकही ओळ खोडली नाही. "एक राहिलंय," एवढेच म्हणाले, "पोरं तुमच्या गोष्टीला हसायची, तवा मी लई जळायचो."

मास्तरांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो. तेही माझ्यावर जळत होते हे ऐकून मला इतके बरे वाटले, की माझी मलाच लाज वाटली.