वहिनी आणि तीन किलोची धास्ती

आमच्या वहिनीला जन्मापासून दिसत नाही. एका मोठ्या कचेरीत ती अकरा वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसते. तिथले तीनशे नंबर तिला तोंडपाठ आहेत, आणि साहेबांच्या नुसत्या ‘हॅलो’वरून ते घरून भांडून आलेत का, हे ती ओळखते. भाजी चिरणं, इस्त्री, बटणं लावणं सगळं स्वतः करते. कुणी मदतीला पुढे झालं की म्हणते, “बस तू, मध्ये मध्ये करू नकोस.”

अशी ही बाई मुलगी झाल्यावर मात्र पार गळून गेली.

मी महिनाभरासाठी म्हणून मदतीला गेले होते. दादा कामावर जाण्याआधी बाळाला आंघोळ घालायचा, बाकीचं मी बघायचे. वहिनी पाजायची तेवढी. पाजून झालं की बाळ माझ्याकडे द्यायची आणि हात मांडीवर ठेवून बसून राहायची. बाळ झोपलं की दर दहा मिनिटांनी त्याच्या छातीवर तळवा ठेवून श्वास चालू आहे ना, याची खात्री करायची. एकदा मी विषय काढला तर हळूच म्हणाली, “फोन चुकीचा जोडला तर माफी मागता येते गं. हिच्या नाकातोंडात पाणी गेलं तर?” खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं.

बाळ नखांनी स्वतःचेच गाल ओरबाडायचं. एके सकाळी खिडकीशी, भर उजेडात बसून मी त्याची नखं कापायला घेतली. चौथ्या बोटाला कात्री लागली. रक्त एवढंसं, थेंबभर. पण बाळाने घर डोक्यावर घेतलं. वहिनी उठली, बाळाला माझ्याकडून घेतलं, बोट स्वच्छ फडक्यात दाबून धरलं. थोड्या वेळाने बाळ शांत झालं. मीच रडत होते. वहिनीने फडकं काढून ते बोट हलकेच चाचपलं. मग म्हणाली, “म्हणजे दिसणाऱ्याच्याही हातून कापतं.”

त्यात टोमणा नव्हता. ती मनातल्या मनात काहीतरी ताडून बघत होती.

दुसऱ्या दिवशी तिने कात्री कपाटात टाकली आणि नखांची बारीक कानस मागवली. बाळ पिता पिता झोपलं की एकेक बोट धरून घासायची आणि नख स्वतःच्या खालच्या ओठावरून फिरवून धार राहिली का पाहायची. दहा बोटांना पाऊण तास लागला. तिला कुठे घाई होती?

आंघोळीची तालीम तिने शेकायच्या रबरी पिशवीवर केली. पिशवीत पाणी भरून, वर साबण चोळून टबात धरायची. दोनदा सटकली, तिसऱ्यांदा नाही. मग नियम ठरले. आधी थंड पाणी, मग गरम, आणि शेवटी कोपर बुडवून खात्री. साबण, टॉवेल, कपडे उजवीकडे, त्याच क्रमाने. डावा हात बाळाच्या काखेतून सुटणार नाही; मग बेल वाजो की आभाळ कोसळो.

पहिल्या आंघोळीला मी दारात उभी होते. हात आपोआप पुढे जाऊ नयेत म्हणून पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. वहिनी बाळाला सांगत होती, आता मान, आता पाठ, आता हे तंगडं. मध्येच मान न वळवता मला म्हणाली, “श्वास रोखून उभी आहेस, कळतंय मला. सोड आता.”

आंघोळ झाली तेव्हा वहिनी स्वतः नखशिखांत भिजली होती आणि बाळ जांभया देत होतं.

पुढच्याच आठवड्यात लंगोट बदलताना ती थबकली. मांडीच्या घडीत खरखरीत लागतंय, जरा गरमही आहे, म्हणाली. मी चष्मा लावून पाहिलं. मला काही दिसलं नाही. तरी ती त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे गेली. पुरळाची सुरुवात होती. इतक्या लवकर कुणी आणत नाही, असं बाई म्हणाल्या. महिना भरायच्या आतच वहिनीने माझी बॅग भरून दिली.

मुलगी आता वर्षाची होत आली. दादाला काही दाखवायचं असलं की ती बोट दाखवते. आईला दाखवायचं असलं की ती वस्तू आणून आईच्या तळहातावर ठेवते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. परवा मी गेले तेव्हा तिने आधी चमचा आणला, मग चेंडू, मग दादाचा ओला मोजा. वहिनी प्रत्येक वस्तू चाचपून तिचं नाव सांगत होती, आणि पोरगी पुढची वस्तू आणायला रांगत सुटत होती.