नऊ दिवसांचा अर्ज

आमच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, शिंपीकामाच्या दुकानाला पाटी नव्हती. तशी गरजच पडली नाही. दुकानासमोर बसचा स्टॉप होता आणि ‘स्टॉपसमोरचा टेलर’ म्हटलं की जयनगरच्या नव्या वस्तीतला माणूसही बरोबर येऊन पोचे. सकाळी बसमधून उतरून लोक कापड टाकून जात. संध्याकाळी परतीच्या बसची वाट बघत आमच्याच ओट्यावर बसत आणि बसल्या बसल्या नव्या सदऱ्याचं माप देत. बसला उशीर झाला की सगळे वैतागत, एकटे अण्णा खूश असत.

नवरात्रात मात्र तो रस्ता अंबाबाईचा. पिढ्यानपिढ्या बेंगळुरात राहिलेली आमची मराठी घरं रस्त्यात आडवा मांडव घालत. नऊ दिवस बस दुसरीकडून न्यावी, असा अर्ज दर वर्षी बसच्या ऑफिसात जाई आणि तो मान अण्णांचा. कन्नड बोलायला घरात सगळ्यांनाच येई, लिहायला फक्त मला. मी कन्नड शाळेत आठवीला होते. अण्णा मराठीत सांगत, मी कन्नडात उतरवत असे.

त्या वर्षी अण्णा म्हणाले, “गेल्या साली परवानगी लई उशिरा आली. या खेपेला स्वल्प जोरात लिही.” मला तेवढंच हवं होतं. निबंधात पहिला नंबर येत असल्यानं मी शेफारलेलीच होते. रस्ता अतिशय अरुंद आहे, इथं बस आणि माणसं एकत्र मावत नाहीत, मुलांच्या जिवाला रोजचा धोका आहे, असं सगळं मी ठोकून दिलं आणि अण्णांना वाचून दाखवलं. आई म्हणाली, आजवर एका तरी पोराला बसचा धक्का लागलाय का? अर्जात असंच लिहितात म्हणून अण्णांनी तिला गप्प केलं आणि खाली मराठीत सही ठोकली.

परवानगी चार दिवसांत आली. अंबाबाई जरा जास्तच पावली होती.

मागचा रस्ता त्याच साली रुंद करून डांबरी केला होता. बस तिकडून गेली. दसऱ्यानंतर मांडव उतरला. अण्णांनी ओटा धुतला आणि सुईत दोरा ओवून बसले. बस आली नाही. मांडव उतरल्याचं ऑफिसला कळलं नसेल, असं आम्ही आठवडाभर एकमेकांना समजावत राहिलो. मग माणसं येऊन स्टॉपचा खांब उपटून घेऊन गेली. ओट्याशेजारच्या फुलवालीनं त्याच दिवशी टोपली मागच्या रस्त्यावर नेली. तिचं दुकान डोक्यावर मावत होतं. आमच्या दोन मशिनी आणि कापायचं टेबल कोण डोक्यावर घेणार? तिकडे गाळाही रिकामा नव्हता.

अण्णा मला घेऊन बसच्या ऑफिसात गेले. साहेब भला माणूस होता. त्यानं आम्हाला बसवलं, फाइल काढली आणि माझाच कागद आमच्यापुढे ठेवला.

“रोजचा धोका आहे असं तुम्हीच लिहिलंय,” तो कन्नडात म्हणाला. “उद्या एखादं मूल चाकाखाली आलं तर मी काय सांगू?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटत होतं, मी काहीतरी बोलेन. अक्षर सुंदर आहे, असंही साहेब म्हणाला आणि मला तिथंच रडू फुटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय, हे त्या दिवशी कळलं. अण्णा नमस्कार करून उठले.

जुनी गिऱ्हाइकं काही दिवस चालत आली. पुढे मागच्या रस्त्यावर उतरल्या उतरल्या त्यांना दुसरा टेलर दिसू लागला. त्यांना तरी काय दोष द्यायचा? वर्षाच्या आत अण्णा राजाजीनगरच्या एका कारखान्यात कापड कापायला जाऊ लागले. चूक माझी, असं मी म्हटलं की ते म्हणत, “सही माझी हाय की गं.” त्यानं मला अजूनच वाईट वाटे.

पुढच्या नवरात्राआधी मंडळाची माणसं घरी आली. यंदा अर्ज नको, रस्ता आपलाच आहे, मांडव ऐसपैस घालू, असं आनंदानं सांगत होती. अण्णांनी बरं म्हटलं. घटस्थापनेच्या सकाळी त्यांनी डबा उचलला आणि त्याच मांडवाखालून, बंद दुकानावरून, बस पकडायला मागच्या रस्त्याला गेले.