गच्चीवर आखलेलं थेटर

तालुक्यातून नवा माणूस कुवेतला आला की इब्राहिमभाई त्याच्या हातात पाण्याचा पेला देत आणि तो रिकामा व्हायच्या आत विचारत, "थेटरात तू कुठं बसायचास?"

तो बिचारा बोटीने अंग मोडून आलेला असे. डोक्यात इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कधी मिळतो आणि कंपनीवाला कसा निघतो याची काळजी. त्यात हा प्रश्न. एकजण तर ही काही सरकारी चौकशी आहे असं समजून घाबरला आणि म्हणाला, "मी पिक्चर बघत नाय, चाचा." मग इब्राहिमभाईंचा उतरलेला चेहरा बघून त्यालाच राहवेना. "एकदाच बघितला. तो पण खांबाच्या मागं बसून." "कुठला खांब?" असं म्हणत इब्राहिमभाई त्याला सामानासकट गच्चीवर घेऊन गेले.

साठ सालच्या आगेमागे आम्ही कुवेतच्या सालमिया भागात एका दोन मजली इमारतीत राहत होतो. मी कंपनीत टायपिस्ट, ते शुवेख बंदरातल्या गोदामावर टाइमकीपर. मी अलिबागकडचा, ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका खाडीकाठच्या गावचे. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. त्या गावात एक थेटर होतं. मुळात भाताचं गोदाम, वर पत्रे, भिंती फळ्यांच्या. त्याचा इतिहास लिहायचा आणि तालुक्याच्या साप्ताहिकाला द्यायचा, हा इब्राहिमभाईंचा ध्यास होता. पण गाव तिकडे आणि हे इकडे. त्यावर त्यांनी तोड काढली होती. ते मला म्हणत, "गावात कोण राहिलाय, पाटणकर? म्हातारी आणि शेरडं. बघणारी सगळी हय आलीत."

गोदामातल्या पायपांवर खुणा करायच्या खडूने त्यांनी आमच्या गच्चीवर ते थेटर आखलं होतं. हा पडदा, ही मशीनची केबिन, ही बाकडी, हे जमिनीवरचे गोणपाट, हा मधला आडपडदा आणि त्यापलीकडे बायकांची जनानी. शुक्रवारी दुपार कलली की गाववाले वर जमत. ज्याने त्याने आपापल्या जागी जाऊन बसायचं आणि तिथून काय दिसे ते सांगायचं, ही त्यांची पद्धत. मोठी माणसं, कुणी बेकरीतला, कुणी शिंपी, कुणी भंगारात लोखंड तोडणारा, मुकाट्याने खडूच्या रेषांत मांडी घालून बसत. मग भांडणं सुरू. त्या खांबावरून तर तीन शुक्रवार भांडण चाललं. इब्राहिमभाई म्हणायचे, "एकानं सांगितली ती गोष्ट. दोघांनी सांगितली ती कुजबुज. तिसरा भांडायला उठला की समजायचा, कायतरी खरा हाय." वाळूचा वारा सुटला की सगळं थेटर पुसलं जाई. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गुडघ्यावर बसून आखायला लागत.

आम्ही त्यांना इतिहासाचार्य म्हणत असू. मीही चेष्टा करण्यात मागे नव्हतो. पण एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती आणि ती मला बेचैन करी. माणूस जागेवर बसला, चार गोष्टी बोलला, की शेवटी इब्राहिमभाई अगदी सहज विचारल्यासारखं विचारत, "आणि जनानीच्या दाराला कडी कुठून होती? बाहेरून?" हे विचारताना त्यांच्या हातातला खडू मोडे. शिवाय ते कुठल्याही खोलीचं दार बंद करू देत नसत. थंडीच्या दिवसांत आम्ही कुडकुडत उघड्या दाराने झोपलो आहोत. मोरीच्या दाराची कडी त्यांनी काढून टाकली होती आणि तिथे सुतळी बांधली होती. त्यावरून आमचं एकदा कडाक्याचं वाजलं. मी रागाने म्हणालो, "अहो, माणसाने आंघोळ करायची की सुतळी धरून उभं राहायचं?" तेव्हा ते खाली बसले आणि त्यांनी मला सांगितलं.

ते लहान असताना त्या थेटराला आग लागली होती. रविवारचा दुपारचा खेळ. केबिनमध्ये फिल्म पेटली. पुरुष पुढच्या दाराने पळाले. जनानीचं दार उघडलं नाही. दोन बायका धुराने गेल्या. त्यातली एक त्यांची आई, जैनब. आणि त्या दारावर बाहेर बसणारा दरवान म्हणजे त्यांचे वडील, हसनमिया. गावातली टवाळ पोरं आत डोकावू नयेत म्हणून त्यांना तिथे बसवलं होतं. पोलीस आले तेव्हा दार जळून गेलं होतं आणि हसनमियांनी स्वतःच सांगितलं, कडी मी बाहेरून घातली आणि चहाला गेलो. त्यांना शिक्षा झाली. पोराला मामाने नेलं. मामाच्या घरात बापाचं नाव निघालं की लोक थुंकत. हसनमिया सुटून आले, तेव्हाही पोरगा त्यांच्यासमोर गेला नाही. मग कुवेत.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता एकजण बोलला, बाहेरून कडी नव्हतीच. नुसता बाकडा होता." ते कपाळ चोळत होते. "तवापासून झोप नाय, पाटणकर. बापूस तिकडं खाटेला लागलाय. मना बोलावतो. कुठल्या तोंडानं जाऊ? कडी त्यानं घातली असल तर जायचा नाय. घातली नसल तर..." मी मोरीच्या सुतळीबद्दल त्यानंतर अवाक्षर काढलं नाही.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. गावाहून येणारा प्रत्येक माणूस हसनमियांची तब्येत आदल्यापेक्षा खालावल्याचं सांगे. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, रजा साहेबाच्या मनात. गच्चीवर कुणी म्हणे कडी बाहेरून, कुणी म्हणे नव्हती, आणि म्हणणारे सगळे पुरुष. त्या दाराने त्यांतला एकही कधी आत गेला नव्हता. हे एवढं उघड आमच्या डोक्यात यायला इतके दिवस लागले. इब्राहिमभाई तर नखं खाऊन खाऊन बोटं सोलून बसले होते. त्यांच्याकडे बघून माझीही भूक गेली होती.

तेवढ्यात बेकरीवाल्या यासीनची आई, हलिमाखाला, सुनेच्या बाळंतपणासाठी कुवेतला आली. तिचं माहेर थेटराच्या शेजारचं. यासीन तिला शुक्रवारी दुपारी गच्चीवर घेऊन आला. खडूच्या रेषा बघून ती जिन्याच्या तोंडाशीच थबकली.

"ही काय कबर आखलीस रे?"

"थेटर हाय, खाला. तुमी कुठं बसायचाव?"

ती बराच वेळ बघत राहिली. मग रेषा न तुडवता, जपून पाय टाकत जनानीत गेली आणि दाराजवळ उकिडवी बसली. "मी हय. तुजी आयस माज्या बाजूला. दाराला पाठ लावून. दरवानाची बायको ना, तिची जागा ती."

इब्राहिमभाईंनी नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. मीच विचारलं, "खाला, दाराला कडी कुठून होती?"

"कडी कसली? अडसर होता, लाकडाचा. आतून." तिने हाताने दाखवलं. "आमी बुरखे काडून बसायचाव. उकडायचा ना पत्र्याखाली. पोरं दार ढकलायची, म्हून जैनब अडसर घालायची. रोजचाच तो. त्या दिवशी काळोख, धूर. कोणाचा हात कुठं पोचना. सगळ्या दारावर पडल्या, ती खाली. मागनं फळ्या फोडल्या तवा आमी बाहेर."

"आणि दरवान?" मी विचारलं.

"हसन एकटाच बाहेरून धडका देत होता. खांदा मोडस्तवर. 'जैनब, अडसर काड, जैनब, अडसर काड.' माज्या कानात अजून हाय." तिने डोळ्यांना पदर लावला. "दुसऱ्या दिवशी आमा बायकांच्या घराघरांत येऊन त्यानं कसम घातली. बोलला, मेलेल्या बाईचा नाव निघता नये. दुसऱ्या बाईची पण पोरं हायत, ती माज्या जैनबला शिव्याशाप देतील. मी जिता हाय, मना देऊ देत."

इब्राहिमभाई दाराच्या रेषेवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. ज्याला मी इतके दिवस चिडवत होतो तो माणूस मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला, असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

रजा मिळेना. साहेब म्हणे, गोदामाची मोजदाद होऊ दे. आम्ही सगळे मिळून त्याच्या दाराशी उभे राहिलो तेव्हा कुठे पासपोर्ट सुटला. बोटीवर चढताना ते मला म्हणाले, "पोचलो नाय तर?" मी म्हटलं, "पोचाल." माझा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता.

पोचले. तीन महिन्यांनी परत आले ते बापाला माती देऊनच. चहा घेताना मी भीत भीत विचारलं, "अडसराचं काढलंत का त्यांच्याकडे?"

"नाय. पेज भरवली, पाय चेपले. तो आयशीच्या गोष्टी सांगायचा, मी ऐकायचा. त्यानं इतकी वर्सां जपलेला. मी काडून त्येच्या हातात कशाला देऊ?"

मग त्यांनी तो इतिहास लिहायला घेतला. ते सांगत आणि मी टाइप करी. भाताचं गोदाम, पहिली मशीन, वाद झालेला खांब, सगळं चोख. आगीपाशी आलो. ते म्हणाले, "लिही. जनानी दाराची कडी दरवानाने बाहेरून घातली होती, असे त्याने स्वतः सांगितले."

माझे हात थांबले. मी चिडलोच. "इब्राहिमभाई, हे कायमचं छापलं जाणार. तुमच्या वडिलांचं नाव साफ करायची एवढी एक संधी, आणि तुम्ही..."

"खोटा काय हाय त्यात? त्यानं तसाच सांगितला होता." ते शांत होते. इतकं शांत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "नाव साफ करून घ्यायचा होता तर त्यानं तवाच केला असता. ह्यो त्येचा इतिहास हाय, पाटणकर. मी नुसता लिवणारा."

मी मुकाट्याने टाइप केलं. आज ही कसम घेणाऱ्या सगळ्या बायका गेल्या आणि इब्राहिमभाईही गेले. म्हणून मी इथे सारी नावं बदलून, गाव झाकून हे सांगू शकलो.

शेवटी लेखाखाली नाव घालायची वेळ आली. इतकी वर्षं ते मामाचं आडनाव लावत. पासपोर्टवर तेच होतं, कंपनीत तेच. मी तेच टाइप करायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"ता नको. नीट लिव. इब्राहिम, जनानी दारावरच्या हसनमियाचा मुलगा."