मंडपवाल्याची कनात आणि समुद्र

ती घटना आठवली की आजही मी एकटाच हसत बसतो. तेव्हा भोकर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो आणि निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. नावं कुणाचीच सांगत नाही; ती माणसं अजून तिथंच आहेत आणि मजेत आहेत.

एका सकाळी जवळच्या गावातला मंडपवाला तणतणत ठाण्यात आला. गोदामातून दोन कनाती, एक छत, दोरखंड आणि लोखंडी खुंटे गायब झाले होते. संशयितही त्यानं सोबतच आणला होता. वीस वर्षं त्याच्याकडे मंडप ठोकणारा गडी.

"किल्ली एक याच्यापाशी, एक घरात. घरचे कधी चोरी करतेत का, साहेब?"

गडी बाकावर मान खाली घालून बसला होता. एवढंच म्हणाला, "म्या न्हाई नेलं. पण आता गावात तोंड कसं दाखवू?"

खरा चोर फार बोलतो, असा माझा अनुभव. पण अनुभवावर कुणाला निर्दोष ठरवता येत नाही. स्टेशन डायरीत नोंद करायला लावली, गड्याला चहा द्यायला सांगितलं आणि पंचनाम्याला निघालो.

कुलूप शाबूत होतं. घर गोदामाला लागूनच. मंडपवाल्याच्या बायकोनं चहा आणला. साठीची, काटक बाई; कप ठेवला आणि लगबगीनं आत वळली. स्वयंपाकघरात स्वच्छ फडक्यावर दशम्यांची चळत गार होत होती. मी ती पाहिली आणि सोडून दिली.

तेवढ्यात पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, हळदीच्या रानामागं पडीक जागा हाय. तिथं दुपारी तंबू उभा ऱ्हातो अन् दिवेलागणीला गायब होतो. कोण करून राहिलंय, कळना."

सागवान चोरांचं किनवटचं जंगल तिथून फार लांब नाही. त्यामुळे असल्या खबरी हसण्यावारी नेता येत नाहीत. दोन शिपाई घेऊन तडक गेलो. तंबू नव्हता, पण जमिनीत भोकं होती. एकेका खुंट्यासाठी तीन-तीन, तीही वाकडी. तिथंच गडी माझ्या मनातून सुटला. जो माणूस दोन घावांत खुंटा बसवतो, तो अशी चाळण कशाला करेल? हे कुणीतरी नवशिक्यानं केलं होतं.

परतताना जीपमध्ये डोक्यात उजेड पडला. दशम्या! दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या आमच्याकडे लांबच्या प्रवासाला बांधून देतात. मी लातूर जिल्ह्यातल्या मुरुडचा. भरतीला निघालो तेव्हा आईनं त्याच दिल्या होत्या.

पुन्हा त्याच घरी गेलो. मंडपवाल्याला अंगणात बसवलं आणि बाईंना विचारलं, "वहिनी, गावाला कोण निघालंय?"

"कुणी बी न्हाई."

"मग एवढ्या दशम्या?"

बाई चुलीकडं वळल्या. मी म्हणालो, "तुमचा गडी सकाळपासून ठाण्यात बसलाय. मालकांनी त्याच्यावर आळ घेतलाय."

बाई दचकल्या. हे त्यांना ठाऊकच नव्हतं. क्षणभर त्या दशम्यांकडे बघत राहिल्या, मग पदर खोचून म्हणाल्या, "त्याला सोडा. कनात म्या नेली. आमचं जाणं ऱ्हायलं तरी चालंल."

मग सगळं बाहेर आलं. बाईंच्या एका जावेची लेक कोकणात शिक्षिका. तिनं मोबाईलवर समुद्राकाठचे तंबू दाखवले. आत पलंग, आरसा, दिव्यांच्या माळा. बाई आणि त्यांच्या तीन जावा, अशा चौघी म्हणाल्या, असला तंबू तर आपल्या गोदामात पडलाय! लेकीनं ओळखीच्या नारळाच्या वाडीत जागा पाहून दिली. उद्याची गाडी होती. खुंटे ठोकायची तालीम आठवडाभर त्या पडीक जागेत चालली होती; संध्याकाळी सगळं एका जावेच्या घरी जायचं.

"नवऱ्याला का नाही सांगितलं?"

"त्यांचं ठरल्यालं हाय, समुद्रात काय, पाणीच की! साहेब, आम्ही जन्मभर टँकरमागं पळालो. एवढं पाणी एका जागी असतं कसं, ते डोळ्यांनी बघायचं हाय."

मी वही मिटली. दारात मंडपवाला उभा होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. आता ओरडेल म्हणून मी उठलो, पण तो खाली मान घालून म्हणाला, "वाळूत खुंटा धरत न्हाई. पोत्यात वाळू भरून दोर बांधायचा अन् पोतं पुरायचं. मी येतो बांधाया."

"चौघींचाच तंबू हाय," बाई म्हणाल्या. "शिकवा, अन् घरी ऱ्हावा. आधी त्या गड्याची माफी मागा."

त्यानं ठाण्यात येऊन, सगळ्यांदेखत मागितली. नंतर जबाब दिला: माल घरातच मिळाला, तक्रार नाही. अर्ज निकाली निघाला. चौघी ठरल्या गाडीनं गेल्या. स्टेशनवर कनातीचं गाठोडं डब्यात चढवायला तो गडीच होता, आणि सगळ्यात मोठ्यानं तोच हसत होता.

चौकशीत मी आयुष्यभर माणसांना विचारलं, काय केलंस, कुठं होतास. तुला काय पाहिजे, हे कुणाला विचारल्याचं आठवत नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन बायकोला विचारलं, "तुला कुठं जायचंय का गं?"

विचार करायला ती क्षणभरही थांबली नाही. जागा, गाडी, मुक्काम, सगळं तिनं एका दमात सांगितलं.