फ्रिजमधलं इंजेक्शन

“गर्भाशय आवळत नाहीये,” डॉक्टरबाई म्हणाल्या. दोन्ही लेकींचं रडणं ऐकून मी हसत होते, ती तिथेच थांबले.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी जळगावला शाळेत शिकवायचे आणि बाळंतपणाला माहेरी, सोनगीरला आले होते. सोनोग्राफीत जुळं दिसलं, तेव्हाच धुळ्याच्या या डॉक्टरबाईंनी माझ्या वडिलांना, आबांना, बजावलं होतं, “घरी बाळंतपण नको. कळा सुरू झाल्या की थेट इकडे या.” त्या दिवशी सकाळीच जीप करून आलो. दुपारपर्यंत दोघी जन्मल्या, ठणठणीत.

पण रक्त थांबेना. याला ‘ॲटोनिक युटेरस’ म्हणतात, म्हणजे सैल पडलेलं गर्भाशय. वार पडल्यावर ते मुठीसारखं आवळलं की आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्तस्राव थांबतो. माझं जुळ्यांनी ताणताणून थकलं होतं.

सलाइनमधून ऑक्सिटोसिन चालू होतं, आणखी एक इंजेक्शनही देऊन झालं होतं. बाई पोटावरून गर्भाशय चोळत होत्या. आबा रक्ताची बाटली आणायला गेले होते. माझे पाय गार पडले, कानात गुणगुण सुरू झाली.

“हिला दमा आहे का?” बाईंनी विचारलं.

आई उशाशी होती. पोरीला काय झालं, या काळजीनं ती अहिराणीतच बोलली, “नही बाई, दमा-बिमा काही नही शे. काय व्हयनं मन्ही पोरले?”

“रक्त जास्त जातंय. प्रोस्टाग्लँडिन देते; दमेकऱ्यांना ते चालत नाही, म्हणून विचारलं. त्यानं आवळलं तर उत्तम. नाही तर पिशवी काढावी लागेल, तेव्हा मी वाट बघत बसणार नाही.”

हे औषध थंड ठेवावं लागतं आणि दवाखान्याचा फ्रिज होता वरच्या मजल्यावर, बाईंच्या स्वयंपाकघरात. सिस्टर धावत जिना चढल्या. वरून बाईंच्या सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, “अगं, श्रीखंडाच्या डब्यामागे बघ!” त्या अवस्थेतही मला श्रीखंड खावंसं वाटलं.

इंजेक्शन मांडीत दिलं. गर्भाशय थोडं आवळलं आणि पुन्हा ढिलं पडलं. पाव तासानं दुसरं दिलं. बाई पोटावरचा हात काढेनात. आई डोळे मिटून पुटपुटत होती. मग बाईंनी माझाच हात धरून बेंबीखाली ठेवला. “बघा, लागतंय?”

कच्च्या कवठासारखं टणक काहीतरी हाताला लागलं. रक्त थांबलं होतं. आबा बाटली घेऊन घामाघूम आले, तेव्हा बाई पहिल्यांदा स्टुलावर टेकल्या.

पुढची गंमत मला कुणी सांगितली नव्हती. आधी उलटी झाली, मग हुडहुडी भरून ताप आला आणि मग पोट असं सुटलं की विचारू नका. रक्त चढत होतं, उठायची परवानगी नव्हती आणि सिस्टर भांडी बदलून दमल्या. मी रडवेली होऊन विचारलं, “बाई, आता हे काय नवीन?”

बाई हसल्या. “हे औषध स्नायू आवळतं. आतड्यांना कुठं माहीत, की त्यांना बोलावलेलं नाही! संध्याकाळपर्यंत थांबेल.”

तसंच झालं. जळगावहून एस.टी.नं हे आले, तेव्हा मी दोन्हीकडे एकेक लेक घेऊन भात-वरण खात होते. “फोनवर तर आबा रडत होते!” हे म्हणाले, आणि स्वतःच रडायला लागले.

निघताना बाईंनी सांगितलं, की प्रोस्टाग्लँडिन आपलं शरीर स्वतःही बनवतं, त्या दिवशी बाहेरून थोडी मदत दिली एवढंच. मला ते फार आवडलं. तोवर बाळंतपण म्हणजे बाईनं दात-ओठ खाऊन एकटीनं निभावायची गोष्ट, असंच मी समजत होते.

आता ओळखीत कुणाला दिवस गेले की मी डिंकाचे लाडू घेऊन जाते आणि तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारते, “दवाखान्यात रक्ताची सोय आहे का? हिला दमा आहे का, ते डॉक्टरांना सांगितलंय का?” सासवा म्हणतात, ही बया शुभ बोलत नाही. म्हणू देत. लाडू संपवून नवरे विचारायला जातात.